म्हैस सुटली, हत्ती कलला

"हटा खालून!" पहारवाल्या मावशी ओरडल्या, आणि तेवढ्यात म्हैस सुटली.

ही म्हैस दूध देणारी नव्हती. हा एक काळाकुळकुळीत, फुगलेल्या पोटाचा, दीड टन वजनाचा दगड होता. आत्याच्या घरामागे मोठं आवार होतं, उताराचं. उताराच्या वरच्या बाजूला तळं खणलं होतं. तळ्याच्या खालच्या काठावर मातीचा भराव घालून त्यावर तीन मोठे दगड बसवायचं काम चाललं होतं. सुट्टीला आलेल्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्यांना नावं देऊन टाकली. सगळ्यात मोठा तो हत्ती, मधली म्हैस आणि धाकटा रांजण. धाकटा म्हणजे काय, तोही चार माणसांना दाद देत नव्हता.

म्हैस काठावरून निघाली ती सरळ उताराला लागली. वाटेत मातीची ढकलगाडी उभी होती. दगड तिच्यावरून गेला आणि मागे पत्र्याची एक चकती उरली. पुढे काका होते. काका म्हणजे आत्याचे यजमान. उताराच्या मधोमध उभे राहून ते मोबाइलमध्ये फोटो काढत होते. खाली उभं राहू नका, असं त्यांना सकाळपासून चारदा सांगून झालं होतं. आता त्यांनी उडी मारली, पण उजवा पाय काही उडीत सामील झाला नाही.

वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. मागोमाग काकांची किंकाळी आली, आणि ती अशी आली की शेजारच्या गल्लीत झोपलेली कुत्री उठून पळत सुटली. म्हैस तरी थांबेना. कुंपणाचे दोन खांब उडवून, गटाराच्या कठड्यावर डोकं आपटलं तेव्हा कुठे ती शांत झाली.

काकांची नडगी मधेच वाकली होती आणि पायजमा लाल होत चालला होता. आवाराच्या भिंतीवर तीन पोरं बसली होती. त्यातल्या सगळ्यात लहान भोंग्याने एकदाच तिकडे बघितलं आणि सकाळचा नाश्ता भिंतीपलीकडे पाठवून दिला.

तळ्याचं काम घेतलेला ठेकेदार धावत आला. काकांना हात देण्याआधी त्याने बोट उचललं. "हिनं केलं. ह्या बाईनं दगडाखाली पहार घातली आणि ढकलला. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

पहारवाल्या मावशी साठीच्या होत्या, काटक, आणि त्यांची पहार त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. मोठाले दगड हलवायचे आणि हवे तिथे बसवायचे, हेच काम त्यांनी जन्मभर केलं होतं. त्या म्हणाल्या, "पहार ती बघा, तिकडे रोवलीय. मी दगडाला हातसुद्धा लावला नव्हता."

"आता रोवलीस. मघाशी हातात होती."

आत्या घरातून धावत आली. आत्या एरवी मुंगीलाही वळसा घालून जायची. पण नवऱ्याचा पाय बघितला आणि तिचं डोकंच फिरलं. तिने मावशींना दोन्ही हातांनी असं ढकललं की त्या खडीच्या ढिगावर जाऊन आदळल्या. कोपर फुटलं. मावशी खडी झटकत उठल्या. 

मग ठेकेदाराला चेव आला. "चल, चालती हो," म्हणत त्याने मावशींचा दंड धरला आणि ओढायला गेला. पुढे काय झालं ते तिघा पोरांनी तीन तऱ्हांनी सांगितलं, पण शेवटाबद्दल तिघांचं एकमत होतं. मावशींनी फक्त कमरेत वळल्यासारखं केलं, आणि ठेकेदार हवेतून जाऊन बुटांसकट तळ्यात बसला.

"झालं? मारामारीही करता वर?" आत्या म्हणाली. "संध्याकाळी पोलिसांना घेऊनच येते. ह्या गावात पुन्हा कुणी दगडाला हात लावू देणार नाही तुम्हाला."

हे ऐकून मात्र मावशींचा चेहरा उतरला. कोपरातून रक्त आलं तेव्हा उतरला नव्हता.

भिंतीवरच्या पोरांतली टाचणी खाली उडी मारून आली. "आत्या, मी बघितलंय. मावशी कमरेला फडकं बांधत होत्या. पहार लांब होती."

तळ्यातून ठेकेदार म्हणाला, "ही पोरं भिंतीवर एकमेकांच्या उरावर बसली होती. त्यांना काय दिसणार?"

अडचण अशी, की हे खरं होतं. म्हणजे तिघांतल्या दोघांपुरतं खरं होतं. शेवटच्या पेरूवरून ढमी आणि भोंगा यांची जुंपली होती. आत्याने टाचणीकडे बघितलंसुद्धा नाही. रुग्णवाहिका आली, काकांना उचललं, आत्या त्यांच्यासोबत गेली. ठेकेदार ओले बूट वाजवत कपडे बदलायला घरी गेला. मावशींनी पहार खांद्यावर टाकली आणि मागे न बघता फाटकातून निघून गेल्या.

*

ढमी तेरा वर्षांची. तिचा एक गुद्दा शाळेत सहावीपासून प्रसिद्ध होता. भोंगा तिचा धाकटा भाऊ, दहाचा, आणि त्याचा आवाज त्याच्या वयापेक्षा मोठा. टाचणी त्यांची चुलत बहीण, अकराची, बारीक, आणि बोलायला लागली की टोचणारी.

"तुझ्यामुळे झालं हे सगळं," ढमी भोंग्याला म्हणाली. "पेरू सोडला असतास तर मी साक्षीदार झाले असते."

"पेरू माझा होता."

"अर्धा."

"तू अर्धा म्हणून पाऊण खातेस."

"गप्प बसा, नाहीतर दोघांना तळ्यात ढकलीन," टाचणी म्हणाली. "मला आधी सांगा, दगड कसा पडला?"

"गडगडत."

"त्याच्या आधी. त्याच्या आधी तो खाली बसला. मोडक्या खुर्चीवर जाडा माणूस बसतो ना, तसा. एका बाजूने खचला आणि मग लवंडला. कुणी ढकललेला दगड असा बसत नाही."

तिघंही काठावर गेली. म्हैस जिथे होती तिथे काळं प्लास्टिक फाटून लोंबत होतं. तळ्याच्या तळाला आणि काठांना हे जाड प्लास्टिक अंथरलेलं होतं, पाणी मुरू नये म्हणून. काठावरून ते भरावावर आणलेलं, आणि त्याच्यावर दगड ठेवलेले. ढमीने फाटक्यात हात घातला. आतली माती चिखल झालेली.

"काल ठेकेदाराने तळं भरलं तेव्हा पाणी कुठपर्यंत होतं?" टाचणीने विचारलं.

"त्या पांढऱ्या दगडापर्यंत," भोंगा म्हणाला. "मी पाय सोडून बसलो होतो."

पाणी आता त्याच्यापेक्षा चांगलं चार बोटं खाली होतं.

"उन्हानं आटलं असेल."

"एका रात्रीत? ऊन रात्री येतं का, भोंग्या?"

टाचणी घरात पळाली. फ्रिजमधून दुधाची पिशवी आणि औषधाच्या बाटलीतला ड्रॉपर घेऊन आली. ती पोटावर आडवी झाली, ढमीने तिचे पाय धरले, आणि टाचणीने काठाकाठाने पाण्यात दुधाचे थेंब सोडायला सुरुवात केली. म्हशीच्या जागी दूध झपकन आत ओढलं गेलं. ते अपेक्षितच होतं, तिथे तर भगदाडच होतं. रांजणाजवळ थेंब जरासा रेंगाळला आणि बारीक दोऱ्यासारखा दगडाखाली गेला. मग टाचणी हत्तीजवळ सरकली. तिथे सोडलेला थेंब पसरलाच नाही. खाली कुणीतरी तोंड लावून बसल्यासारखा तो सरळ हत्तीच्या पोटाखाली खेचला गेला. दुसरा थेंब. तिसराही.

"हत्ती पितोय," भोंगा हळू आवाजात म्हणाला. त्याचा हळू आवाज दोन घरं सोडून ऐकू जायचा.

"हत्ती नाही, त्याच्याखालचा भराव पितोय," टाचणी म्हणाली. "म्हणजे तोही खचणार. ढमे, ओढ मला वर. लवकर."

हत्ती अडीच टनांचा होता. तिघंही मोठा वळसा घालून त्याची खालची बाजू टाळत पळाली आणि थेट पहारवाल्या मावशींच्या दारात जाऊन थांबली.

*

मावशी दगडांच्या वखारीपाशी एका खोलीत राहायच्या. खोलीबाहेर त्या घण घेऊन एका दगडावर तुटून पडल्या होत्या. घणाचे घाव असे पडत होते की जणू तो दगड त्यांचा जुना वैरी होता. ठिकऱ्या उडून दारावर आदळत होत्या. कोपराला बांधलेलं फडकं लाल झालं होतं.

"लांब उभे राहा. डोळे जातील," त्या न थांबता म्हणाल्या. "काय पाहिजे? आत्यानं पाठवलं?"

"नाही. आम्ही आपणहून आलो. तळ्याचं पाणी दगडांखाली जातंय," टाचणीने सांगितलं. दुधाचं सगळं सांगितलं.

घण हवेतच थांबला. मग हळूच खाली आला.

"कसं जाईल? खाली जाजमं आहेत."

"कसली जाजमं?"

"जुनी, जाड जाजमं. मी आणून दिली. सात बोचकी, माझ्या हातानं सुतळीनं बांधलेली. दगडाला धार असते, बाळांनो. नुसत्या प्लास्टिकवर ठेवलात तर तो चावतो. म्हणून जिथे दगड यायचा तिथे खड्डा घ्यायचा. इतका, की तिसरा हिस्सा जमिनीत गेला पाहिजे. खड्ड्यात खडी, खडीवर जाजम, जाजमावर प्लास्टिक, पुन्हा जाजम, मग दगड. असा बसवलेला दगड माझी नातवंडंही हलवू शकणार नाहीत."

"तुम्हाला नातवंडं आहेत?" भोंग्याने विचारलं.

"नाहीत. म्हणून तर हलवू शकणार नाहीत," मावशी म्हणाल्या. "ठेकेदार म्हणाला, संध्याकाळी माझी माणसं खड्डे घेतात आणि जाजमं अंथरतात, तुम्ही सकाळी दगड ठेवायला या. काल सकाळी मी आले तर खड्ड्यांवर प्लास्टिक पसरलेलं. मी विचारलं, जाजमं? तो म्हणाला, खाली आहेत."

"आणि तुम्ही उचलून बघितलं नाही," टाचणी म्हणाली.

ढमीने तिला कोपराने ढोसलं. मावशींनी टाचणीकडे रोखून बघितलं, आणि मग मान हलवली. "नाही बघितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या शब्दावर दगड ठेवला. तेवढी चूक माझी. तुझ्या काकांचा पाय त्या चुकीत गेला."

त्या उठल्या. "मी साखळी आणि कप्पी घेऊन येते. हत्ती आधी बांधून ठेवला पाहिजे. तुम्ही जा आणि त्याच्या खालच्या बाजूला कुणाला येऊ देऊ नका. तुम्हीही जायचं नाही. कळलं?"

"कळलं," तिघं म्हणाली. आणि ते पाळण्याचा त्यांचा अगदी खरा इरादा होता.

*

पण परत येताना ढमीच्या डोक्यात आलं, की सात बोचकी अंथरली नाहीत तर ती गेली कुठे? आवारात बोचकी ठेवण्यासारखी एकच जागा होती. उताराच्या तळाशी असलेली फळ्यांची खोपटी. तिच्यात ठेकेदार आपली हत्यारं ठेवायचा.

"ती हत्तीच्या बरोबर खाली आहे," टाचणी म्हणाली.

"एक मिनिट लागेल. आत डोकवायचं, बोचकी आहेत का बघायचं, बाहेर."

बोचकी होती. कोपऱ्यात एकावर एक, सातही, सुतळीच्या गाठी जशाच्या तशा. त्यांना ओल्या कुत्र्यासारखा वास येत होता. ठेकेदाराला तो वास सहन झाला नसणार, आणि त्या संध्याकाळी टीव्हीवर सामना होता. ती बोचकी इथे फेकून तो आणि त्याची माणसं चक्क घरी गेली होती.

"एक उचला आणि चला," टाचणी म्हणाली. तेवढ्यात दारातला उजेड गेला.

दारात ठेकेदार होता. कोरडे कपडे, कोरडे बूट. त्यालाही नेमकी आत्ताच बोचक्यांची आठवण झाली होती.

"काय चाललंय रे चोरांनो?"

"चोर कोण ते आता आत्याला कळेलच," भोंगा म्हणाला. इथे गप्प बसणं शहाणपणाचं होतं, पण भोंगा आणि गप्प बसणं यांची कधी ओळखच झाली नव्हती.

ठेकेदाराने त्याची कॉलर धरून एक सणसणीत थोबाडीत दिली. भोंगा भेलकांडत बोचक्यांवर जाऊन आपटला. त्याचा ओठ फुटला.

ढमीने भोंग्याला आजवर किमान हजारदा बडवलं असेल. पण दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला तिला चालत नसे. तिने मान खाली घातली आणि बैल धावतो तशी धावली. तिचं डोकं ठेकेदाराच्या पोटात बसलं. "हुक्क" असं काहीतरी म्हणून तो दाराच्या चौकटीवर आदळला. टाचणीने संधी साधून त्याच्या मनगटाचा चावा घेतला. त्याने हात झटकला तशी ती भिंतीवर फेकली गेली. मग त्याने ढमीला केसांना धरून आत लोटलं, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

"बसा आता. टेम्पो आणतो, बोचकी उचलतो, मग सोडतो. बघू कोण काय सांगतं ते."

त्याची पावलं लांब गेली. आणि मग थांबली. बाहेर वरून एक आवाज आला होता. जमिनीच्या पोटात गुरगुरावं तसा.

फळीच्या फटीला टाचणीने डोळा लावला. "हत्ती कललाय," ती म्हणाली. "आणि ठेकेदार फळी घेऊन त्याला टेकू लावायला चाललाय. खालच्या बाजूने. अहो काका, खालून नको, बाजूला व्हा!"

"त्याला कशाला काका म्हणतेस?" ढमी म्हणाली.

"तो मरेल आता. आणि मग आपण मरू. आपण बरोबर खाली आहोत."

आता ठेकेदाराच्या अकलेची कमाल बघा. त्याने तीन पोरांना कोंडलं, पण कुठे कोंडलं? हत्यारांच्या खोपटीत. ढमीने मागच्या भिंतीला टेकवलेला घण उचलला, हाताला थुंकी लावली आणि मागच्या फळीवर पहिला घाव घातला. फळी चिरली. दुसऱ्या घावाला तिचे दोन तुकडे झाले. "सरका," ती ओरडली आणि तिसरा घाव असा घातला की खिळ्यांसकट अर्धी भिंत बाहेर गेली. भोंगा बाहेर. टाचणी बाहेर. ढमीने एका बोचक्याला हात घातला.

"सोड ते!" टाचणीने तिचा दुसरा हात धरून सगळ्या जोराने ओढलं. दोघी बाहेर गवतात कोसळल्या.

पुढच्या क्षणी हत्ती आला. तो गडगडत आला नाही, उड्या घेत आला. एकदा जमिनीवर आपटला तेव्हा पायाखालची माती हलली. दुसऱ्यांदा आपटला तो खोपटीवरच. फळ्या, पत्रे, फावडी, बादल्या सगळं एकदम आभाळात उडालं. एक बादली शेजारच्या गच्चीवर जाऊन पडली ती दुसऱ्या दिवशी सापडली. धूळ खाली बसली तेव्हा खोपटी नव्हती. खोपटीच्या जागी हत्ती बसला होता.

 मग वरून किंचाळी ऐकू आली.

*

हत्ती सुटला तेव्हा ठेकेदार बाजूला उडी मारून वाचला होता. पण हत्तीमागून भरावही ढासळला, तळं उतारावर सांडलं आणि रांजण घसरत खाली आला. आता ठेकेदार चिखलात पालथा पडला होता आणि त्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत रांजणाखाली होता. रांजण अजून हलत होता. दर वेळी हलला की ठेकेदार गुरासारखा ओरडायचा.

"मावशी आल्या," भोंगा म्हणाला.

मावशींच्या एका खांद्यावर साखळी, दुसऱ्यावर पहार. त्यांनी एकदा वर बघितलं, एकदा खाली, एकदा पोरांकडे. "जिवंत आहात? मग तुम्हाला नंतर बघते. ढमे, तो मोठा धोंडा इथे आण. तू, ढकलगाडीचा पत्रा. तू, खोपटीच्या फळ्यांचे तुकडे, जितके मिळतील तितके."

टाचणी ठेकेदाराच्या डोक्याशी उकिडवी बसली. "मावशी, आधी त्याला विचारा ना. पाय काढायच्या आधी. आता खरं बोलेल."

"मला काढा," ठेकेदार रडत होता. "सगळं बोलतो, काहीही बोलतो."

"बघा, बोलतोय."

"ऊठ तिथून," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण टाचणी उठली. "दगडाखाली अडकलेल्या माणसाला काही विचारायचं नसतं. फळ्या आण."

त्यांनी रांजणाजवळ चिखलावर पत्रा टाकून त्यावर धोंडा ठेवला, त्याच्यावर पहार टेकवली, टोक रांजणाखाली घातलं. "ढमे, माझ्याबरोबर लोंबकळ पहारीला. बोटभर उचलायचा, बोटभर भरायचा. हावरटपणा करायचा नाही. भोंग्या, भर घालताना काठीनं सरकव. हात आत गेलेला दिसला तर मीच तोडीन. दाबा."

पहार वाकली. रांजण बोटभर उठला. भोंग्याने काठीने फळीचा तुकडा आत लोटला. "सोडा. पुन्हा दाबा." पुन्हा बोटभर. ढमीच्या तळहातांची सालं निघाली. ठेकेदार शिव्या देत होता, मग देवाचं नाव घेत होता, मग पुन्हा शिव्या. मधेच एक तुकडा कडकन फुटला आणि रांजण परत खाली बसला. ठेकेदाराच्या आरोळीने ढमीने डोळे मिटून घेतले.

"डोळे उघड," मावशी म्हणाल्या. "दाबा."

अकराव्यांदा दाबलं तेव्हा टाचणीने ठेकेदाराच्या दोन्ही बगलांत हात घातले आणि मागे खेचलं. पाय बाहेर आला. बूट आतच राहिला. घोटा सुजून भोपळ्याएवढा झाला होता, पण पाय होता. चिखल मऊ होता म्हणून होता.

*

संध्याकाळी आत्या परत आली ती पोलिसांची गाडी घेऊनच. काकांच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर होतं, पण घरी न्या म्हणून त्यांनी दवाखाना डोक्यावर घेतला होता, त्यामुळे तेही गाडीत होते. आवारात पाऊल टाकलं आणि आत्याच्या हातातली पिशवीच गळून पडली.

"बघितलंत?" ठेकेदार खुर्चीवरून लगेच म्हणाला. दोन्ही हातांनी घोटा धरून बसला होता तरी जीभ शाबूत होती. "ही बाई परत आली आणि ह्या पोरांना हाताशी धरून सगळं पाडलं. माझा पायही मोडला."

ढमीने मुठी आवळल्या. टाचणीने तिला मागे सारलं आणि ती पुढे झाली. आता तिच्या चेहऱ्यावर साखर होती. ढमीला आणि भोंग्याला तो चेहरा माहीत होता. ते दोन पावलं मागेच सरकले.

"ठेकेदारकाका, तुम्ही दगडांखाली जाजमं अंथरली होती ना?"

"अंथरली होती."

"सगळी?"

"सातही. नीट दुहेरी करून."

"म्हणजे सुतळ्या सोडाव्या लागल्या असतील."

"सोडल्या आणि फेकल्या. गाठी काय भयानक होत्या, नखं तुटली माझी," ठेकेदार म्हणाला. खोटं बोलायला लागलं की तो मन लावून बोलायचा.

"साहेब, हे लिहून घ्या ना," टाचणी पोलिसांना म्हणाली. त्यांनी लिहून घेतलं. "आता फक्त हा हत्ती थोडा उचलून बघायचाय. खाली काय आहे ते."

ठेकेदाराच्या तोंडचं पाणी पळालं. "अडीच टनांचा दगड आहे तो. क्रेन लागेल. उद्या मी घेऊन येतो."

"क्रेन कशाला?" मावशी म्हणाल्या आणि पहार उचलली.

बोटभर उचलायचा, बोटभर भरायचा. ढमी पहारीला लोंबकळली, तिच्या सोललेल्या हातांना फडकी बांधली होती. थोड्या वेळाने पोलिसही टोपी काढून पहारीला लागले. भोंग्याने तेवढ्यात खोपटीत कोंडल्याची सगळी हकीकत काकांना गाडीत ऐकू जाईल अशी सांगून टाकली. तासाभराने फावड्याचा दांडा आत जाईल एवढी जागा झाली. भोंग्याने दांड्याला आकडा बांधून आत घातला, काहीतरी अडकलं, आणि तिघांनी मिळून ते बाहेर ओढलं. पाटासारखं चपटं झालेलं एक बोचकं होतं ते. गाठ तशीच होती. मग दुसरं आलं. मग तिसरं. पुढची मोजायची कुणाला गरजच वाटली नाही.

"ही गाठ माझी," मावशी एवढंच म्हणाल्या.

काका गाडीच्या दारात प्लास्टरचा पाय पुढे करून बसले होते. त्यांनी ठेकेदाराकडे बघितलं. "मी खाली उभा होतो, ती चूक माझी. पण खालून पोकळ काम करून ठेवलंत, आणि वर ह्या बाईवर ढकललंत. पोरांना त्या खोपटीत कोंडलंत. साहेब, तक्रार तर द्यायचीच आहे. फक्त नाव बदला."

पोलिसांनी नाव खोडून दुसरं लिहिलं. भोंग्याचा फुटका ओठ बघून आणखी दोन ओळी वाढवल्या. मग टाचणीला म्हणाले, "मोठी झालीस की आमच्याकडे ये." टाचणी म्हणाली, विचार करून सांगते.

आत्या मावशींसमोर उभी राहिली.  "माझ्याकडून हात उचलला गेला," ती म्हणाली. "मी काय करू सांगा."

मावशींनी तिला आपादमस्तक बघितलं. "खडी लागणार आहे. तीन खड्ड्यांना. फोडता येते?"

"नाही."

"येईल."

*

आत्याने नऊ दिवस खडी फोडली. पहिल्या दिवशी अंगठा फोडला, दुसऱ्या दिवशी चष्मा, आणि चौथ्या दिवसापासून दगड. भराव उपसून नव्याने धोपटला. खड्डे घेतले, खडी भरली, जाजम, प्लास्टिक, जाजम. काका बाल्कनीत बसून सूचना द्यायचे आणि कुणी ऐकायचं नाही. रांजण बसला, म्हैस बसली, आणि शेवटच्या दिवशी साखळी कप्पीने इंच इंच ओढत हत्ती आपल्या खड्ड्यात उतरला. तळं भरलं. टाचणीने काठाने दूध सोडलं. थेंब जिथे पडला तिथेच पांढरा ढग होऊन तरंगत राहिला.

पहारवाल्या मावशींनी हात धुतले, आपला डबा घेतला, आणि उतारावर, हत्तीच्या बरोबर खालच्या बाजूला, त्याच्या पोटाला पाठ टेकून बसल्या.

"अहो, तिथे कुठे बसता?" आत्या घाबरून म्हणाली. "वर या ना. सावली आहे."

"दगड बसवला की बसवणाऱ्यानं पहिलं जेवण इथे जेवायचं असतं. आमच्या कामात तशी रीत आहे. बसवताना हयगय केली असेल तर पहिला मार त्यानंच खायचा." त्यांनी डबा उघडला आणि पोरांकडे बघितलं. "तुम्ही तिघं का उभे? ही जागा बसवणाऱ्यांची आहे. या."

ढमी गेली. टाचणी गेली. भोंगा क्षणभर अडीच टनांकडे बघत राहिला, मग जाऊन ढमीला चिकटून बसला. चौघांनी जेवायला सुरुवात केली. हत्ती त्यांच्या पाठीमागे गार आणि गप्प होता.

आत्या आपलं ताट हातात घेऊन काठावर उभी होती. "मी येऊ का?"

मावशींनी तिच्या हातांकडे बघितलं. दहा बोटांना सहा पट्ट्या होत्या.

"खडी तुमचीच आहे खाली," त्या म्हणाल्या, आणि जरा सरकून जागा केली.